दिवाकरच्या बैठकीतलं झाकण

झाशी, ३ फेब्रुवारी

चि. ऋतुराज यास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

भोपाळचं पाणी माणसाला विसराळू करतं वाटतं. महिना झाला, आजी कुठल्या गावी राहते ते तरी आठवतं का? फोनवर मला ऐकू येत नाही, अक्षराशी ओळख नाही, म्हणून शेजारच्या दिवाकरची नात सुरभी लिहून घेते आहे. मराठी बोलायला लाजते, लिहिते मात्र बरी.

तू गल्लीत चार बोटांची नळी घातलीस. घाण ज्याच्या त्याच्या टाकीत बसेल, वरचं पाणी तेवढं नळीतून जाईल, म्हणालास. मग चार दिवस आपल्या संडासात गुडगुड कसली? काल पाणी वर चढलं. सगळ्यांनी आपापल्या टाक्या उपसल्या. दिवाकरही म्हणतो, माझी स्वच्छ आहे. त्याच्या नव्या बैठकीत मात्र दिवसाला अगरबत्तीचा पुडा संपतो.

इथे सुरभीचं पेन थांबलं. म्हटलं, लिही गं, आजोबा तुझे असले तरी नाक माझं आहे.

पाहणीला आलास तेव्हा त्याच्या टाकीत डोकावला होतास ना?

लोभ आहेच, पत्र आलं तर वाढेल.
शकुंतला

भोपाळ, ५ फेब्रुवारी

ती. आजीस, सा. न. वि. वि.

नाही डोकावलो. दिवाकरकाकांनी टाकीवरच बैठक बांधली आहे, झाकण फरशीत. मी गेलो तेव्हा त्यावर गणपतीचं मखर होतं. बसलेली मूर्ती हलवा, असं कसं म्हणणार? मागच्याच वर्षी उपसली, असं काका म्हणाले. मी तसंच लिहिलं आणि मोदक खाऊन आलो. आता त्यांचा गाळ नळीत उतरला आहे. चूक माझी.

काकांना फोन केला. सोमवारी सुरभीला बघायला पाहुणे येणार, दारात उपसायची गाडी दिसायला नको, म्हणून रविवारी गटारं साफ करणाऱ्या रघुनाथला बादली देऊन आत उतरवणार म्हणे. मी ओरडलो. फौजेत याहून वाईट पाहिलंय, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

आजी, कुणालाही उतरू देऊ नकोस. बंद टाकीतला वायू हाक मारायलाही वेळ देत नाही. मग पहिल्याला काढायला दुसरा उतरतो. पाय प्लास्टरमध्ये नसता तर आजच निघालो असतो. टाकी उपसायची गाडी मी ठरवली आहे, पण ती मंगळवारी येईल.

तुझा ऋतुराज

झाशी, ९ फेब्रुवारी, रविवार

चि. ऋतुराजास अनेक आशीर्वाद.

हे पत्र दिवाकरच्या बैठकीतून. सकाळी रघुनाथ दोर घेऊन आला. चपला दाराशी नीट जोडून ठेवल्या, देवळात जावं तशा. झाकण बोटभर सरकवलं आणि खोकत मागे झाला. तरी म्हणतो, अम्मा, दहा मिनिटांचं काम आहे. मी झाकण लावून घेतलं आणि त्यावर खुर्ची टाकून बसले.

दिवाकर रागावला, मग हात जोडले. तीस वर्षं फौजेत काढली, एक म्हातारी हलेना. पाहुण्यांना येऊ दे म्हटलं, मीच बसल्याबसल्या पोरीचे गुण सांगते. सुरभी पायाशी बसून लिहिते आहे, आज पेन थांबत नाही.

खालून बुडबुड येते, खुर्चीच्या पायांना कळते. रघुनाथ कमरेला दोर बांधूनच अंगणात बसला आहे. दिवाकर त्याला जाऊ देत नाही, आणि माझ्याकडे बघत राहतो. चौऱ्याऐंशीची मी, दुपारी डोळा लागतो, तेवढीच भीती. चिमटे काढायचं सुरभीने कबूल केलंय.

माया राहू दे.
शकुंतला

ता. क. सुरभीचा भाऊ जयदीप हे घेऊन दुपारच्या गाडीने येतो, उद्या परततो. त्याच्या हाती दुधातल्या दशम्या पाठव, रघुनाथलाही पुरतील इतक्या. ताक, सार, पातळ असं काहीही नको. मंगळवारपर्यंत मला उठावं लागता कामा नये.