पेटीचं उद्घाटन

१५ जून २०२४
शाळा सुरू. आणि आज रोबोटिक्सची पेटी आली! तालुक्यात मोजक्याच शाळांना मिळाली म्हणे. आठवी-नववीला तंत्र विषय शिकवायला लागून मला एकोणतीस वर्षं झाली. कानस, करवत, वेल्डिंग पुष्कळ झालं. आता नवं युग.
संकल्प : १५ ऑगस्टला माझ्या वर्गाचा रोबोट झेंड्याला सलामी देणार.
पेटी वर्कशॉपच्या कपाटात ठेवली. किल्ली माझ्या खिशात. घरी सौ. म्हणाली, उघडून तरी बघायची. तिला सांगितलं की तांत्रिक वस्तूंचं तसं नसतं. तर म्हणाली, लग्नाच्या वाढदिवसाचा मिक्सर पण तीन वर्षं माळ्यावर खोक्यातच आहे, तो पण तांत्रिक का? जेवायला वाढ म्हणालो.

२८ जून
धाराशिवला पाच दिवसांचं ट्रेनिंग झालं. तसा मी अडीच दिवस होतो. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दिले. माझा चालूच होईना. शेजारी आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या शाळेच्या वर्षाराणी मॅडम होत्या, वय माझ्या थोरल्या मुलीएवढं, त्यांनी चालू करून दिला. मग दर दहा मिनिटांनी, सर जमतंय का? जमतंय म्हणालो. तिसऱ्या दिवशी दुपारी डोकं धरलं, घरी आलो. बाकीचं पुस्तकात असतंच.
सर्टिफिकेट मात्र पाच दिवसांचं मिळालं. लॅमिनेट करून वर्कशॉपमध्ये लावलं.

९ जुलै
हेडसर म्हणाले, बलभीम सर, पेटी उघडा आता. म्हणालो, एवढी मोठी वस्तू अशी चोरून उघडायची का? संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन पाहिजे. हेडसरांना पटलं. चला, सुटलो. म्हणजे तयारीला वेळ मिळाला.
ट्रेनिंगचं पुस्तक इंग्रजीत आहे. रोज दोन पानं वाचणार.

१० जुलै
अर्धं पान.

२४ जुलै
आज फळ्यावर ‘रोबोटचे फायदे’. एकूण तेरा निघाले. वर्ग अगदी शांत. विषय आवडल्याची खूण.
नववीतली अयोध्या उभी राहिली. मेंढ्या राखणाऱ्या बिराप्पांची मुलगी. म्हणाली, फायदे लिहून झाले सर, आता मोटर कुठं बसती ते दावा की. म्हणालो, उद्घाटनाआधी उघडणं शोभत नाही. पण पेटीच्या झाकणावर यादी छापली आहे, ती वाचून दाखवली. चार मोटरी, सहा चाकं, तीन सेन्सर, एक बोर्ड, वायरी, बॅटरी. तिनं तिथंच पाठ केली.
फीत तूच कापायची, असं तिला सांगून टाकलं. पोरगी दिवसभर हसत होती.

१५ ऑगस्ट
अध्यक्षांना आज चार ठिकाणी झेंडे. आपल्याकडं अकरा मिनिटं थांबले. पेटीला हार घातलेला बघून छान म्हणाले आणि गाडीत बसले.
अयोध्या कात्री घेऊन आली होती. लोकर कातरायची, हातभर लांब. ती दप्तरात मावेना म्हणून सकाळपासून हातातच धरून उभी होती. तिला म्हणालो, पुढच्या तारखेला नक्की. व्हय सर म्हणाली.

२९ ऑगस्ट
दोन दिवस वाया गेले. अयोध्याला कोकरांच्या कोंडवाड्याला कडी पाहिजे होती. जुनं भंगार पडलं होतं, त्यातला तुकडा वाइसच्या जबड्यात आवळला आणि कानस हातात दिली. कानस पुढं जाताना दाब, मागं येताना सैल सोड, एवढंच सांगितलं. लगेच कळलं तिला. तिचं बघून बाकीची पोरं पण वाइसभोवती गोळा झाली. घंटा झाली तरी हलेनात. मलाही वेळेचं भान राहिलं नाही. कडी अशी गुळगुळीत झाली की गालावरून फिरवावी.
पण हे जुनं शिक्षण. याच्यात पुढं काही नाही. सोमवारपासून फक्त रोबोटिक्स.

२६ सप्टेंबर
बिराप्पा शाळेत आले होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, सर, पोरीची आई गेल्यापासनं मेंढरामागं हाताला माणूस न्हाय. दिवाळी झाली की आमी निघणार. पर ही म्हणती, पेटी उघडल्याबिगर म्या येत न्हाय, आत्याकडं ऱ्हाते. दसऱ्यापतोर उघडत आसंल तर ठिवतो हितंच. शिकू द्या. तुमचा शब्द लई झाला मला.
मी छातीवर हात ठेवून सांगितलं, दसऱ्याला शंभर टक्के.
आता अध्यक्षांची वाट बघायची नाही. मीच उघडणार. पुस्तकाचं पान तीन चालू आहे.

११ ऑक्टोबर
आज खंडेनवमी. सकाळी उघडायच्या तयारीनंच गेलो होतो. पण कानस, हातोडा, करवत पूजेला मांडल्यावर पेटी एकटी बाजूला कशी ठेवायची? तीही मांडली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. आणि पूजेला लावलेल्या हत्याराला हात लावत नाहीत, हे शेंबडं पोर पण सांगेल. नाइलाज झाला.
अयोध्या पूजेभर पेटीकडं बघत होती. सोमवारी उघडतो म्हणालो. या वेळी व्हय म्हणाली नाही.

१४ ऑक्टोबर
सोमवार. पुस्तक सापडेना. पुस्तकाशिवाय उघडणं बेजबाबदारपणा.

१६ ऑक्टोबर
पुस्तक सापडलं. पण कालपासून निवडणुकीची आचारसंहिता लागली. उद्घाटनं बंद. हेडसर म्हणाले, अहो, खोकं उघडायला कसली आचारसंहिता? कायद्याचा माणूस म्हणून मी धोका पत्करला नाही.

१२ नोव्हेंबर
दिवाळीनंतर शाळा भरली. दुसऱ्या बाकावर अयोध्या नाही. मैत्रीण म्हणाली, भाऊबीज झाली आन् गेली मेंढरासंगं.
हजेरीत गैरहजर लावलं. पावसाळ्यात येतात परत हे लोक. पुढच्या वर्षी बसवता येईल वर्गात. तोपर्यंत माझं पुस्तक पण होईल.
तास घेतला नाही. वाईट वाटलं. जेवलो पण नाही. सौ.ला ॲसिडिटी सांगितली.

२० जानेवारी २०२५
पत्र आलं. न वापरलेल्या पेट्या दुसऱ्या शाळांना द्यायच्या. आपली वाशीला. हेडसरांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी
पेटी मोटारसायकलला बांधून वाशीला पोचवली. कुंकू पुसलं, पण डाग राहिला.
वर्षाराणी मॅडम म्हणाल्या, वा सर, अजून सील पण आहे! मग पेटी सरळ फरशीवर ठेवली. ना नारळ, ना फीत. पोरांनीच नखांनी टेप ओढायला सुरुवात केली. मॅडम म्हणाल्या, थांबा ना सर, मला पण सगळं येत नाही, मिळून बघू. हे असं सगळ्या पोरांच्या देखत म्हणाल्या. मी चहाला जातो म्हणून बाहेर पडलो, तो परत गेलोच नाही.
येताना येडशीच्या अलीकडं रस्त्याकडेच्या रानात मेंढ्या बसवलेल्या. अयोध्यानं लांबूनच ओळखलं. पळत आली. उंच झाली आहे, उन्हानं रापली आहे. मोटारसायकलवरची रिकामी दोरी बघून म्हणाली, पेटी उघडली का सर?
उघडली म्हणालो.
कुणी?
पोरांनी.
 मग म्हणाली, आत काय व्हतं?
मी सुरू केलं, चार मोटरी, सहा चाकं, तीन सेन्सर. ती म्हणाली, ते झाकणावरचं झालं सर, मला पाठ हाय. आतलं सांगा.
आतलं मी बघितलं नव्हतं.
तिला सांगायचं होतं की अध्यक्ष, खंडेनवमी, आचारसंहिता, यातलं एकही खरं कारण नव्हतं. मला येत नव्हतं, आणि पोरांपुढं ते दिसेल याची भीती वाटत होती. मी रिकामी दोरी गुंडाळत राहिलो. तेवढ्यात पलीकडून बिराप्पांनी रामराम घातला. 
अयोध्यानं कोकरांकडं नेलं. कोंडवाडा हलवला तरी ती कडी बरोबर नेतात. मी लावून बघितली, उघडून बघितली. अजून अलगद बसते. लई कामाची हाय म्हणाली.
घरी आल्यावर खिशात कपाटाची किल्ली सापडली. सकाळी पेटी बाहेर काढल्यावर रिकाम्या कपाटाला मी कुलूप लावून गेलो होतो.