पालकाचा व्यवसाय

नागभीड,
दि. ८ जून २०२५

आयु. संघप्रियास,
वामनरावाचे अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जय भीम.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. पहिल्या कागदावर मी सवयीने सौ. लिहिलं आणि जीभ चावली. तुझी नि राजदीपची फारकत होऊन सात वर्षं झाली, हात मात्र जुन्याच वळणाने चालतो. तो कागद फाडला आणि आयुष्मती लिहिलं. आपल्या लोकांची ही सोय बरी आहे. लेक असो, सून असो, की एकेकाळची सून असो, आयुष्मती सगळ्यांना शोभतं.

फोन का केला नाही ते सांगतो. ऊर्जानगरच्या पॉवर हाऊसमध्ये तीस वर्षं टर्बाईनपाशी काढली आणि कान तिथेच ठेवून आलो, हे तुला ठाऊक आहे. फोनवर समोरचा काय विचारतो ते कळत नाही, म्हणून मी सगळ्याला हो म्हणतो. मागच्या महिन्यात असंच हो हो करून एका विमेवाल्याला जेवायला बोलावून बसलो. दुसरं म्हणजे, राजदीपच्या वकिलाने बजावलं आहे की संघप्रियाला मोबाईलवर काही लिहू नका, उद्या ते कोर्टात पुरावा होतं. कागदाबद्दल तो काही बोलला नाही. म्हणून कागद घेतला.

आता कामाचं. राजदीपचा पोलादाचा कारखाना होळीनंतर बंद पडला. मालाला उठाव नाही म्हणून चारशे माणसं एका दिवसात घरी गेली. भाड्याची खोली सोडून तो इथे आमच्याजवळ आला आहे. विक्की नावाच्या मित्राच्या छोट्या मालवाहू गाडीवर रोजाने ड्रायव्हरी करतो. माझ्या नातीची, रिनाची पोटगी एप्रिलपासून थकली आहे आणि ती कमी व्हावी म्हणून त्याने कोर्टात अर्ज टाकला आहे. नोटीस तुला मिळाली असेल. त्याचं एकच पालुपद, की बाबा, मायापाशी काईच नाई, मी कुठून आणू.

तुमचं ती ऐकते, तिले सहीले तयार करा, अशी त्याने मला गळ घातली आहे. १८ जुलैची तारीख आहे. तू संमतीची सही दिलीस तर पोटगी तिसऱ्या हिश्श्यावर येईल. हे लिहिताना मला लाज वाटते. रिनाला चंद्रपूरला अकरावी सायन्सला घालून वसतिगृहात ठेवायचं तुझ्या मनात आहे, हे मला माहीत आहे. पण पोरगा खरंच रिकामा झाला आहे. तुला जमेल तसं कर.

तुझी सासू मनकर्णा म्हणते, पोरीले सांगा, रानात काटवलं निघाले का भाजीले पाठवतो. राग आला तर चार शिव्या लिहून पाठव, पण आमच्याशी अबोला धरू नकोस.

तुझा,
वामनराव


सावली,
दि. १७ जून २०२५

ती. बाबांस,
संघप्रियाचा सा. जय भीम. वि. वि.

पोस्टमन पत्र घेऊन थेट उपकेंद्रात आला, तेव्हा मी बाळांना डोस पाजत होते. पत्र कोनाचं बाई, म्हणून सगळ्या बायांनी विचारलं आणि माझ्या सासऱ्यांचं, असं माझ्या तोंडून निघून गेलं. म्हणजे जुनी सवय एकट्या तुमच्या हाताला नाही.

तुमच्या वकिलाच्या सल्ल्यावर मात्र मी पोट धरून हसले. बाबा, मोबाईलवरचा मेसेज पुरावा असेल, तर सही नि तारीख घातलेलं पत्र म्हणजे पुराव्याचा बाप! पण घाबरू नका, पत्र माझ्या पेटीत आहे.

राग कसला येणार? आमचं दोघांचं जमलं नाही, त्याचं पिणं मला सोसलं नाही आणि माझं तोंड त्याला. पण फारकतीच्या बैठकीत सगळे जण भांड्यांवर नि दागिन्यांवर अडून बसले होते, तेव्हा तुम्ही उठून म्हणालात की आधी रिनाचं लिवा, बाकीचं मंग पाहू. मी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. रिनाचं पहिल्या ओळीत आलं ते तुमच्यामुळे, आणि सात वर्षं तिचं शिक्षण त्या ओळीवर झालं. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहिते.

कारखाना बंद झाल्याचं इथेही दिसतं. पाच-सहा जण परत आले आहेत आणि ज्यांनी दहा वर्षांत चिखलात पाय घातला नाही ते आता दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत रोवणीला जायचं म्हणतात. माझ्या वकीलबाई सांगत होत्या, मार्चपासून पोटगी कमी करण्याच्या अर्जांचा ढीग पडला आहे. मजकूर एकच, नावं तेवढी वेगळी.

तेव्हा राजदीपचं मी खरं धरते. सही करीन. माझा पगार कंत्राटी, तोही तीन महिन्यांतून एकदा हातात पडतो, त्यामुळे तिसऱ्या हिश्श्यात वसतिगृह होणार नाही. रिनाला इथल्याच कॉलेजात घालीन. तिला अजून सांगितलेलं नाही. दहावीला शाळेत दुसरी आल्यापासून ती न्यायच्या वस्तूंची यादी करते आहे आणि रोज त्यात एक वस्तू वाढते. ते पाहिलं की माझ्याने बोलवत नाही.

मनकर्णाआईंना जय भीम. नातं कागदावर उरलं नाही तरी माया आहे तशीच असू द्यावी.

आपली,
संघप्रिया


नागभीड,
दि. ११ जुलै २०२५

आयु. संघप्रियास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतो आहे, म्हणजे तारखेच्या आधी तुझ्या हाती पडेल. सही करू नकोस.

कसं कळलं ते सांगतो. रोज दिवेलागणीला आम्ही तिघं वंदनेला बसतो. मला ऐकू येत नाही, म्हणून मी या दोघांच्या ओठांकडे पाहून म्हणतो, म्हणजे मागेपुढे होत नाही. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. महिनाभर पाहतो आहे, तिथे आलं की राजदीपचे ओठ मिटतात आणि पाचव्याला पुन्हा हलू लागतात. पाचवं दारूचं. ते त्याने तीन वर्षं पाळलं आहे, त्याबद्दल त्याला मान द्यायला हवा. आधी वाटलं, कानांपाठोपाठ माझे डोळेही गेले. काल आषाढी पौर्णिमा होती, विहारात सगळी वस्ती जमली होती, तिथेही तेच.

घरी आल्यावर त्याला अंगणात बसवलं आणि विचारलं. बहिऱ्या बापाला गुपित सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगावं लागतं. शेजारचा गोपाल कुंपणाशी येऊन उभा राहिला, तरी राजदीप सांगत होता. एकदा सुटला तो थांबलाच नाही.

ती गाडी विक्कीची नाही, त्याची स्वतःची आहे. कारखान्याने निघताना सगळा हिशेब चुकता केला होता, त्यातून घेतली आणि विक्कीचं नुसतं नाव लावलं. इकडे कोर्टात शपथेवर लिहून दिलं की मला कामधंदा नाही नि वाहन नाही. का, तर कोर्टाले गाडी दिसली तर ओढून नेईन, मंग मी काय चालवू नि रिनाले काय देऊ. त्याची भीती खोटी नाही ग, शपथ खोटी आहे. आणि मी त्याच्या सांगण्यावरून तुला तो रिकामा आहे असं लिहून बसलो. सत्तरी उलटल्यावर माझ्या हातून हे झालं.

मनकर्णेला गाडीचं आधीपासून माहीत होतं. कालपासून ती माझ्याशी बोलत नाही. बापानं पोराच्या पायावर धोंडा टाकू नये, हे तिचं म्हणणं. माझाही तो पोरगाच आहे. पण रिना माझी कोण आहे?

हे पत्र कोर्टात दाखव. खाली पूर्ण सही केली आहे. साक्षीला बोलावलं तर येईन. फक्त जज साहेबांना सांग, प्रश्न जरा मोठ्याने विचारा.

मी तुझा सासरा राहिलो नाही, तरी तुझ्या मायेचा हक्कदार आहे असं अजून समजतो.

तुझा,
वामनराव तुकाराम खोब्रागडे


सावली,
दि. २० जुलै २०२५

ती. बाबांस,
संघप्रियाचा सा. जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी वकीलबाईंकडे धावले. त्यांना इतका आनंद झाला की याला लॅमिनेशन करून आणा म्हणाल्या. असा बाप हजारात एक, असंही म्हणाल्या. ते मला नवीन नव्हतं.

पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. पत्र दाखवावं तर राजदीपवर खोट्या शपथेची केस होईल, गाडी जाईल, आणि तुम्ही काठी टेकत पोराविरुद्ध पिंजऱ्यात उभे राहाल. मनकर्णाआई मग तुमच्याशी कधी बोलणार? न दाखवता सही करावी तर रिनाची यादी तिच्या वहीतच राहील. दोन दिवस हाच घोळ डोक्यात होता.

शुक्रवारी कोर्टाच्या व्हरांड्यात पुकारा व्हायच्या आधी मी राजदीपला बाकावर बसवलं आणि तुमचं पत्र त्याच्या हातात दिलं. तुमचं अक्षर ओळखून तो ताठ झाला. दोनदा वाचलं. मी त्याला सांगितलं की हे तुझ्या बाबांचं आहे, तुझ्याजवळच ठेव. मी सही करणार नाही आणि हे कोणाला दाखवणारही नाही. खरं काय ते तूच सांग. खरं सांगून जे कमी होईल ते मला चालेल. पावसाळ्यात भाडी मिळत नसतील तर थोडं दे, धान निघाल्यावर भरून काढ. पण तुझ्या लेकीच्या नावाने खोटी शपथ नको.

पुकारा झाला तेव्हा त्याने वकिलामार्फत मुदत मागितली आणि ४ ऑगस्टची तारीख पडली. पत्र त्याने शर्टाच्या खिशात ठेवलं. फाडलं नाही, एवढं मी पाहिलं.

पुढे तो काय करील, मला माहीत नाही. हातात एकच पुरावा होता, तोही मी देऊन बसले. वकीलबाई माझ्यावर जाम चिडल्या आहेत, तुम्ही चिडू नका. माझ्या माहेरी माझ्या बाजूने कोणी एक शब्द काढला नव्हता. तुम्ही पोटच्या पोराविरुद्ध सही करून पाठवली. कोर्टात ती लागो न लागो, मला मिळाली. एवढ्यावर माझा जन्म निघेल.

पहिल्या सहामाहीपुरतं मी कसंबसं जमवलं आहे, म्हणून २ तारखेला रिनाला वसतिगृहात सोडायचं ठरवलं. पुढचं सगळं ४ तारखेवर आहे. प्रवेशाला आईवडील दोघंही लागतात असा नियम आहे, म्हणून राजदीपला कळवलं आहे. येतो म्हणाला.

मनकर्णाआईंची समजूत काढा. तुमच्या दोघांच्या मायेतला माझा वाटा मला मिळत राहो.

आपली,
संघप्रिया


चंद्रपूर,
दि. ३ ऑगस्ट २०२५

ती. आजोबांस व ती. आजीस,
रिनाचा सा. जय भीम. वि. वि.

आईने बजावलं आहे की होस्टेलवरून पहिलं पत्र आजोबांना, बाकीचे सगळे नंतर. म्हणून कॉटवर बसून लिहिते आहे. खोलीत माझ्याबरोबर निशा आहे, सिरोंचाकडची. ती घरी फोन केला की तेलुगूत बोलते आणि मध्येच माझं नाव घेऊन हसते. काय सांगते ते मी दिवाळीपर्यंत शिकून घेणार आहे.

बाबा काल गाडी घेऊन सावलीला आले. माझी पेटी, गादी, आजीने पाठवलेले तांदूळ नि काटवलं, सगळं मागे टाकलं. आई पुढे बसायला तयार नव्हती, मग मी मध्ये बसले आणि ती खिडकीशी. वाटेत मूल गावाला बाबांनी भजी घेतली, मग दोघं बोलायला लागले, तेही रस्त्यातल्या खड्ड्यांवर. पण मला बरं वाटलं. आम्ही तिघं शेवटचं असं कधी बसलो होतो, मला आठवत नाही.

आता एक गंमत सांगते. वॉर्डन मॅडमनी फॉर्म दिला. आई भराभर लिहीत होती, पण पालकाचा व्यवसाय या रकान्याशी तिचा हात थांबला. तिने बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसती थांबली. बाबांनी तिच्या हातातला पेन घेतला आणि लिहिलं, स्वतःचे मालवाहू वाहन, स्वतः चालवतो. मॅडम म्हणाल्या की नुसतं ड्रायव्हर लिहिलं तरी चालेल. तर बाबा म्हणाले, नाई मॅडम, गाडी मायीच आहे, तसंच लिवतो. मी विचारलं, ती विक्कीकाकांची ना? ते म्हणाले, नाई बेटा, त्याच्या नावावरून काढून माया नावावर करून राह्यलो. मग सही केली, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्या फॉर्मची झेरॉक्स काढली आणि नीट घडी घालून खिशात ठेवली. सोमवारी कोर्टात वकिलाले द्याची आहे म्हणाले.

एवढ्यात पाहते तर आई व्हरांड्यातल्या बाकावर बसून रडते आहे! रडतेही आहे आणि हसतेही आहे. आजोबा, मी इतक्या मोठ्या होस्टेलात एकटी राहणार, त्याचं तिला काही नाही, आणि फॉर्मच्या एका रकान्यासाठी रडायचं? का रडते विचारलं, तर म्हणाली की आजोबांना लिही, त्यांना कळेल.

मला तर काहीच कळलं नाही. तुम्हाला कळलं असेल तर सविस्तर लिहा. मी वाट पाहते.

तुमची लाडकी,
रिना