हुमणीची फेलोशिप

सदलगा, शनिवार

सौ. आक्कास,

धाकट्या रूपालीचा जय जिनेंद्र. तुझी कंबर, दाजींचा खोकला आणि मामंजींचा राग ही तिन्ही दुखणी ताब्यात असावीत. फोन केला असता, पण तुमच्याकडं माझा फोन सोप्यात सगळ्यांदेखत स्पीकरवर लागतो. म्हणून हे पत्र. एकटीनं वाच.

बेंगळुरूच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतली माझी पोस्टडॉक फेलोशिप तुला ठाऊक आहेच. (आप्पा गावात सांगतात, लेक तिथं सरकारी डॉक्टर आहे. परवा दोघंजण गुडघे दाखवून गेले. शेका म्हटलं, एकाला गुण आला.) काम एवढंच, की उसाची मुळं खाणारी हुमणी बुरशीनं मारायची. प्रयोग आपल्याच रानात केला. हजारभर अळ्या मेल्या, चाळीस काही केल्या मरेनात. आमच्या धंद्यात मेलेल्यांना कोणी विचारत नाही, न मेलेल्यांना मान. त्या का मेल्या नाहीत ते सोमवारी समितीपुढं मांडलं, तरच फेलोशिपला दुसरं वर्ष. नाहीतर मी आहे आणि आईनं काढून ठेवलेली चार स्थळं आहेत.

त्या एकमेकींना चावतात, म्हणून चाळीस डब्यांत वेगवेगळ्या ठेवल्या, ओल्या मातीत, गाजराच्या तुकड्यासकट. (पर्युषणात घरात कंदमूळ! आईचा पहिला आक्षेप तोच.) मग तिनं विचारलं, "ह्यांचं पुढं काय करणार गं?" मी पडले शास्त्रज्ञ, खरं सांगितलं, "फाडून बघणार." ती नुसतं "व्हय" म्हणाली. आई एवढ्यावर थांबली की सावध व्हावं, हे एवढं शिकूनही मला कळलं नाही.

गुरुवारी मी बेळगावला तिकीट काढायला गेलते. संध्याकाळी परत आले, तर चाळीस डब्या लख्ख घासून अंगणात पालथ्या! मी पायरीवर बसून रडले. आई शेजारी बसून माझ्याहून जास्त रडली. म्हणाली, "तुला पाप लागू ने म्हणून सोडल्या गं. तुजं सगळं शिक्षान त्या किड्यांवर हाय, ते मला काय म्हाईत?" आता असल्या माणसावर रागवायचं कसं, तूच सांग.

शेवटी प्रयोगशाळेतल्या माझ्या सरांना फोन करून सगळं सांगितलं. चाळीसच्या चाळीस का, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, समिती आठवडाभर पुढं ढकलतो, निम्म्या तरी शोधून आणा; आणि अहवालात 'आईने सोडल्या' असं लिहू नका, 'नमुन्यांचे क्षेत्रीय पुनर्वसन' लिहा.

बाकी क्षेम. मोठ्यांना नमस्कार.

तुझी,
रूपाली

ता. क. आपल्या रानात बुरशी आहे, तिथं मरतील म्हणून आईनं त्या आपल्या रानात सोडल्याच नाहीत. औषधाचा थेंब पडत नाही असं एकच रान तिला माहीत: कोगनोळीचं, तुझ्या मामंजींचं. विहिरीकडची उसाची नवी लावण, पहिल्या तीन सऱ्या. मामंजी सेंद्रिय शेतीवर भाषण द्यायला निपाणीला कधी जाणार, तेवढं गुपचूप कळव. मी खुरपं घेऊन येते.

आणखी एक. गुरुवारी आई अचानक भेटायला आली म्हणून तू तिच्या गळ्यात पडून रडलीस म्हणे. तिच्या हातातल्या पिशवीत काय होतं, ते आता कळलं असेल. पण तुला बघून तिला बरं वाटलं हेही खरं. दोन दिवस तेच सांगतेय.

खणायला तीही येणार आहे. आत्ताच बजावून गेली, "खुरपं हळू चालीव, लागंल त्यास्नी."