जिभेवर ठेवलेली कॅप्सूल

प्रिय चाखोबा,

रागाने लिहिते आहे हे आधीच सांगते, म्हणजे मध्येच कुठे पेन कागदात रुतलेलं दिसलं तर वयाला दोष देऊ नकोस. तुला जाऊन अकरा दिवस झाले. घराची किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवून गेलास. मी काय घरमालकीण, आणि तू खोली सोडणारा भाडेकरू? फोन उचलत नाहीस. दोनदा तर वाजता वाजता कापलास. साठीला आलेला माणूस बहिणीचा फोन कापतो, याला काय म्हणावं? म्हणून पत्र लिहायला घेतलं. बसून वाच आणि शेवटपर्यंत वाच. पत्र अर्ध्यावर घडी घालून ठेवायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

माझे उपचार सुरू झाले तेव्हा तू बॅग घेऊन आलास तो वर्षभर राहिलास. उलटीचं भांडं धरलंस, डोक्यावरचे केस गेले तेव्हा आरशावर चादर टाकलीस, स्वयंपाक येत नसताना केलास. ते मी विसरलेले नाही, आणि रागाच्या भरातही हे वाक्य खोडणार नाही. पण उपचार संपले, रिपोर्ट चांगले आले, येणारे-जाणारे अभिनंदन करून गेले आणि इकडे मला टॉवेल पिळवेना. आंघोळीला स्टुलावर बसायचे आणि दोन तांब्यांच्या मध्ये दम खायचे. सगळे म्हणायचे, जरा झोप काढा, बरं वाटेल. चौदा तास झोपून उठले तरी हातपाय ओल्या वाळूच्या पोत्यांसारखे. तो थकवा झोपेचा नव्हताच. आजार गेला, पण जाताना अंगातला जीव घेऊन गेला असं वाटायचं. आणि लोकांना सांगायची सोय नाही, कारण मी तर बरी झालेली!

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्या चाचणीचं सांगितलं. एका वनस्पतीच्या मुळीचा अर्क, कॅप्सूलमध्ये भरलेला. कॅन्सरनंतरचा थकवा त्याने कमी होतो का, हे बारा आठवडे बघायचं. आम्ही बेचाळीस जण. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसती निरुपद्रवी भुकटी. कोणाला काय मिळालं ते पेशंटला ठाऊक नाही, डॉक्टरला नाही, नर्सला नाही. यादी सीलबंद पाकिटांत, पाकिटं औषधवाल्यांच्या कपाटात. मी ऐकलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ताठ बसले. एकोणतीस वर्षं परीक्षा विभागात काढली मी. प्रश्नपत्रिकांची बंडलं, त्यांच्यावरची लाख, त्या लाखेवरचा शिक्का. मंत्र्यांचा मेहुणा दारात येऊन बसला होता, तरी मी पाकीट फोडलं नाही. उगाच नाही मला सगळा विभाग लाखबाई म्हणायचा. मला वाटलं, वा! हे तर माझंच काम आहे, फक्त या वेळी परीक्षेला बसायचंय.

आणि अजून एक गोष्ट होती, ती मी तुला तेव्हा सांगितली नाही, आता सांगते. वर्षभर मी नुसती घेत होते. कोणी पाणी देतंय, कोणी जिना उतरवतंय, कोणी पाठ चोळतंय. हे सगळं घेताना तोंडाने 'किती करता तुम्ही' म्हणायचं आणि मनातून लाजेने मरायचं. ही चाचणी म्हणजे माझ्या हातून कोणाला तरी काही मिळण्याची एकच जागा होती. उद्या आणखी कोणी बाई स्टुलावर बसून दम खाईल, तेव्हा डॉक्टरांपाशी तिला द्यायला उत्तर असेल, आणि त्या उत्तरात माझे बारा आठवडे असतील. बसल्या बसल्या करता येण्यासारखं होतं ते. रोज संध्याकाळी सहाला वहीत आकडा लिहायचा, शून्य ते दहा. शून्य म्हणजे थकवा नाही, दहा म्हणजे उठवत नाही. एवढंच काम. पण खरं लिहायचं.

पहिले तीन आठवडे आठ, आठ, सात, आठ. मग पाचव्या आठवड्यात सहा लिहिला, पुढे चार, सातव्यात चक्क तीन! त्या दिवशी मी धुतलेले कपडे बादलीत घालून स्वतः गच्चीवर नेले. दोरीवर चादर टाकली आणि खाली आल्यावर तुला हाका मारमारून सांगितलं. तू पेपरातून मान वर न करता विचारलंस, 'आज किती लिहिणार?' तुझ्या मिशीतलं हसू मी पाहिलं आणि मला वाटलं, भाऊ किती खूश झालाय. किती वेडी मी! स्वतःच्या अंगातल्या हुशारीवर विश्वास ठेवला आणि समोर बसलेल्या माणसाकडे नीट पाहिलं नाही.

मग आठव्या आठवड्याची रक्ततपासणी. यकृताचे आकडे तिपटीवर गेलेले. नर्सबाईंनी मला आतल्या खोलीत बसवलं, दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, ताई, बाहेरचं काही घेता का? काढा, चूर्ण, कोणी दिलेलं काही? चाखोबा, मी त्या पोरीला झापलं. मला असलं विचारतेस? मी सही केलीये, माझ्या सहीची किंमत माहीत आहे का तुला? ती बिचारी वरमली. 'विचारावं लागतं हो,' म्हणाली. तिने कागदावर लिहिलं, इतर काहीही घेत नाही. त्याच्या खालीही मी सही केली. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या नावाखाली खोटं असं तेवढं एकच आहे, आणि त्यावर तू माझी सही करवून घेतलीस.

दुसऱ्याच दिवशी चाचणी थांबवली. माझी एकटीची नव्हे, सगळ्यांची. बेचाळीस घरांत फोन गेले, कॅप्सूल घेऊ नका, औषधाने यकृताला धोका असू शकतो. मी घरी येऊन त्या मुळीला शिव्या घालत होते आणि तू मोरीपाशी पाठ करून उभा होतास. नळ सुरू, हातात भांडं नाही. मग नळाकडेच बघत तू सांगितलंस. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी दुपारची झोपले असताना तू एका कॅप्सूलचं टोपण काढून भुकटी जिभेवर घेतलीस. तोंडात घोळवलीस, थुंकलीस आणि निकाल दिलास, पिठूळ आहे, यात काही नाही, ताईच्या वाट्याला खोटं औषध आलंय. चौतीस वर्षं चहा चाखण्यात गेली तुझी. घोटभर चहावरून मळ्याचा उतार सांगणारी जीभ ती. तिने सांगितलं म्हणजे ब्रह्मवाक्य. मग तू बाजारातून त्याच मुळीचं चूर्ण आणलंस, कडू जहर, आणि तुझ्या त्या नमुना मोजायच्या चमच्याने एकेक कॅप्सूल रिकामी करून भरलीस. नवी बाटली आली तीही भरलीस. मोजदादीत एक गोळी कमी नाही, जास्त नाही. एवढी सफाई!

मला विचारलंस का रे? एकदा तरी? माझं तोंड, माझं पोट, माझं यकृत. वर्षभर माझ्या अंगात कोण काय घालणार हे दुसरेच ठरवत होते, पण निदान दर वेळी सांगून घालत होते. तू माझ्याच उशाशी बसून, मी झोपलेली असताना, मला न सांगता घातलंस. प्रेमाने केलं म्हणशील. प्रेमाने केलं म्हणूनच तर तळपायाची आग मस्तकात जाते. परक्याने केलं असतं तर पोलिसांत गेले असते आणि मोकळी झाले असते.

आता तू निघून गेल्यावर काय झालं ते ऐक. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. माझ्या जिवाचा प्रश्न म्हणून त्यांनी माझ्यापुरतं पाकीट फोडायला परवानगी घेतली. समोर बसून मी ते फोडताना पाहिलं. खरं औषध होतं, चाखोबा. माझ्या वाट्याला खरंच आलं होतं. अर्क काढतानाच त्याची चव मुद्दाम घालवली होती, कोणाच्याही जिभेला फरक कळू नये म्हणून. तुझ्यासारखे दीडशहाणे जगात असतात हे त्यांनी आधीच धरलं होतं, फक्त एवढा चिकाटीचा भेटेल असं वाटलं नव्हतं. आणि म्हणू नकोस की खऱ्या औषधाने तीन आठवड्यांत आठाचे चार झाले नाहीत. किती आठवड्यांनी गुण येतो, येतो की नाही, तेच तर कळायचं होतं!

मग ते तीन आणि चार कुठून आले? बाईंचा संशय असा आहे की तुझ्या बाजारच्या चूर्णात भलतंच काही मिसळलेलं असावं, आधी अंगात चेव आणणारं आणि मग पाडणारं. विकणारे असं करतात म्हणे, म्हणजे गिऱ्हाईक परत येतं. गच्चीवर मी चढले ती त्या चेवावर चढले. बादली माझ्या हातात होती, पण ताकद माझी नव्हती. हे कळलं तेव्हा मी पहिल्यांदा रडले, यकृताच्या आकड्यांनी नाही. ते आकडे आता हळूहळू उतरताहेत, काळजी करू नकोस. म्हणजे कर. थोडी कर.

तुला मी त्या संध्याकाळी एक वाक्य बोलले, ज्याच्यावर तू बॅग भरलीस. तुझ्या बायकोला वाचवता आलं नाही, म्हणून माझ्यावर हात साफ करतोयस, असं मी म्हणाले. ते मी मागे घेते. तिच्या शेवटच्या महिन्यांत तिला कपसुद्धा उचलवत नव्हता आणि तू चमच्याने चहा पाजायचास, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मला आंघोळीत दम लागलेला ऐकून तुला काय होत असेल हे मला कळायला हवं होतं. तोंडातून गेलं ते गेलं, पण ते माझं चुकलं. बाकी जे जे बोलले त्यातला शब्दही मागे घेत नाही.

आमच्या बेचाळीस जणांतले एक बस ड्रायव्हर आहेत, तपासणीच्या दिवशी बाकावर माझ्याशेजारी बसायचे. आजारानंतर स्टिअरिंग फिरवता येईना, म्हणून त्यांना आगारात तिकिटांच्या खोलीत बसवलं होतं. सातव्या आठवड्यात ते पुन्हा अर्धी पाळी गाडी चालवायला लागले होते. औषधाने की आपोआप, देव जाणे. गोळ्या बंद झाल्यावर त्यांनी मला फोन केला, ताई, तुम्हाला कळलं का, कोणातरी पेशंटच्या यकृताला काहीतरी झालं म्हणे. मी म्हटलं, ती पेशंट मीच, आणि सगळं सांगून टाकलं.  ते म्हणाले, 'तुमच्या भावाने आमच्यातल्या एकाला तरी विचारायचं होतं.' आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

आता मुद्द्याचं. गुरुवारी चाचणीवरची देखरेख समिती बसणार आहे, पुढे काय करायचं ते ठरवायला. मी तीन आठवडे त्यांचं औषध घेतलं आणि पाच आठवडे तुझं, तेव्हा दोष कोणाचा हे त्यांना ठरवता येत नाही. बाजारचं ते चूर्ण तपासायला मिळालं नाही, तर चाचणी कायमची बंद होईल आणि ती मुळी विषारी म्हणून कागदावर राहील. मी घर धुंडाळलं, पुडी नाही. पण मी तुला ओळखते. चाखलेल्या प्रत्येक मालाचा नमुना तू डबीत घालतोस, वर तारखेची चिठ्ठी चिकटवतोस. रागाने घर सोडशील, पण नमुना टाकणार नाहीस. बाजारचं चूर्ण तुझ्या बॅगेत आहे, आणि कॅप्सूलमधून काढलेली ती पिठूळ भुकटीही असणार. दोन्ही डब्या मला हव्या आहेत. गुरुवारी तू स्वतः येऊन, काय, कधी, किती भरलंस ते समितीसमोर तुझ्या तोंडाने सांगायचंस. समितीला द्यायच्या माझ्या निवेदनात तुझ्या नावाची जागा मी कोरी ठेवली आहे, ती तूच भर. मी स्वतः आले असते, पण आज वहीत नऊ लिहिलाय. हे पत्र पोस्टाने वेळेत पोचलं नसतं, म्हणून ड्रायव्हरसाहेबांनी मागून घेतलं. मी घाबरले, म्हटलं, भांडू नका हं. तर म्हणाले, 'भांडायला दम कुठे आहे, ताई? नुसतं देऊन येतो.' तुझ्या इमारतीची लिफ्ट बंद असते आणि तू तिसऱ्या मजल्यावर राहतोस हे मी त्यांना सांगितलं होतं, तरी निघाले. तेव्हा पत्र ज्यांनी हातात दिलं ते अजून दारातच उभे असतील, तर त्यांना आधी आत घेऊन बसव. त्यांचा श्वास खाली बसू दे. मग डब्या काढ.

चिडलेली, तरीही तुझीच,
ताई