फुंकणीएवढी नजर

आबा, आज दुपारी तुमच्यासाठी फोन आला होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, रेशनकार्डावरूनही तुमचं नाव निघालं, अन् आज कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडतोय तर एक बाई मायेनं विचारते, "बाबा आहेत का? डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलतेय." तेव्हा आपण तिथं माझा नंबर देऊन आलो होतो, आठवतं? ते मूलपेशींचं काम आता इथंही सुरू होतंय म्हणाली. पडदा सुकत चाललेल्या लोकांना तपासायला बोलावतायत. "खात्री कसलीच नाही हां दादा, आधी डोळ्याला काही अपाय होत नाही ना, तेवढंच बघणार." मग तिनं विचारलं, "किती दिसतं त्यांना आता?"

किती दिसतं ते तुम्ही एकदाच दाखवलं होतं. मुकुंदवाडीच्या खोलीबाहेर आई चुलीवर पाणी तापवतेय. तुम्ही चाचपत तिच्या हातातली फुंकणी घेता, माझ्या डोळ्याला लावता. "बघ. एवढंच." त्या भोकातून मला आईचं कुंकू दिसलं, अर्धी भुवई दिसली, बाकीची आई कुठं गेली ते कळेना. मी घाबरलो तर तुम्ही हसलात. "भेतो काय येड्या? जिकडं फिरवशीन तिकडं दिसतंच की." रात्री तर तेवढंही नाही. मेंढरं राखणारा माणूस, अन् दिवस मावळला की आपल्याच दारात ठेचकाळायचा.

मेंढरं त्याच उन्हाळ्यात विकली. गावात माणसालाच टँकरचं पाणी पुरत नव्हतं, म्हणून तर आपण शहरात खोली केली. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं अन् चितेगावला कंपनीत लागलो. ज्या माळावर तुम्ही मला खांद्यावर घेऊन मेंढरं चारली, त्याच माळावर ती कंपनी उभी आहे, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. तुम्हाला मात्र माझ्या बोलण्यात येणाऱ्या बसच्या वळणांवरून कळलंच असणार. कॉलेज सुटल्याचं मला काही नव्हतं. तिथं माझ्या वर्गात ती होती, अन् ती आता रोज दिसणार नव्हती, त्याचंच सगळं होतं. जेवताना तुम्ही विचारलंत, "कोण हाय रं?"

"कोण नाय."

"मंग त्या कोण नाय ला एकदा घेऊन ये. भोक बुजायच्या आत बघू दे मला."

पण मला घाई अशी की आधी तुमचे डोळे. तुम्हाला ती अख्खी दिसली पाहिजे, तुकडा नाही. औरंगपुऱ्यात एका जिन्याशी पाटी वाचली होती, स्टेम सेलच्या इंजेक्शनानं गेलेली नजर परत म्हणून. तोच हट्ट घेऊन मी तुम्हाला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, असल्या पाट्यांच्या नादी लागू नका, असलेली नजरही जाईल. मग त्यांनी तुम्हाला, मला नाही, तुम्हाला समजावून सांगितलं. मूलपेशी, म्हणजे तेच स्टेम सेल, ही अजून काहीच न ठरलेली पेशी. तिला बाहेर डोळ्याची पेशी व्हायला शिकवायचं, मग पडद्याखाली नेऊन ठेवायचं. डोळ्यानं तिला आपलं मानलं, ती तिथं रुजली, तर काही आशा.

तुम्ही मान हलवलीत. "आमच्यात असंच करतात. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं दुसऱ्या बिनआईच्या कोकराला पांघरायचं. वासानं मेंढी त्याला पाजती."

"अगदी तसंच," मॅडम खुर्ची पुढं ओढत म्हणाल्या.

"अन् नायच पाजलं तर?"

"तेच अजून शोधतोय, बाबा. आज माझ्याकडं तुम्हाला द्यायला काही नाही."

अन् मी टेबलावर हात आपटला. मग आम्ही काय करायचं, तोवर यांनी आंधळं व्हायचं का, असं काय काय ओरडलो. बाहेर चहाच्या गाड्यावर, कप दोन्ही हातांनी धरून, म्हणालात, "खरं बोलणाऱ्यावर आवाज चढवतो व्हय रं? गोड बोलणाऱ्यावर चढव." मग, चहा संपल्यावर, "अन् पोरीला आण. माझ्या डोळ्याची वाट बघत बसू नको."

ती आली ती भर दुपारी, कारण उजेडात तुम्हाला बरं दिसायचं. तोंडाला स्कार्फ, स्कूटी दोन गल्ल्या अलीकडं लावलेली. तिच्या घरी कळलं असतं तर तिचं बाहेर पडणं बंद झालं असतं, अन् तरी ती आली. आई कामावर गेलेली. ती तुमच्या पाया पडली अन् तुमच्या समोर अशी बसली, जशी रोजच बसते.

"जरा पुढं सरक माय. हां, नाक आलं. आता कान कुठं गेला?"

"आबा, तुम्ही हलू नका, मीच फिरते हळूहळू." अन् हसू दाबत तिनं तोंड फिरवलं, पोळी तव्यावर फिरवावी इतक्या सावकाश.

"हे हनुवटीला काय लागलंय गं?"

"तीळ आहे, आबा."

"या गाढवानं सांगितलं नाय मला."

गाढवाला माहीतच नव्हता. दोन वर्षं वर्गात तिच्याकडं बघत होतो, अन् तीळ तुम्हाला दिसला. तुम्ही म्हणालात, "तुकड्या-तुकड्यानं बघितली, सगळे तुकडे लई झ्याक हायत." अन् आपल्या मेंढरांच्या लोकरीची शेवटची घोंगडी तिच्या मांडीवर ठेवलीत. "उन्हाळ्यात?" तिनं विचारलं. "हिवाळा येतोच की."

हिवाळ्यात तिला पुण्याला दिली. त्यांची जमीन, त्यांचं घराणं, आपण धनगर. मी तिच्या दारात जाऊन तमाशा करायला निघालो तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत अन् सोडलंच नाही. "तू बोंबलशीन अन् नाव तिचं जाईल. बस इथं." दिवस मावळला, तुम्हाला दिसायचं बंद झालं, तरी मनगट धरलेलंच. आपल्या घरात तिला बघितलेले तुम्ही एकटेच. पुढच्या दुष्काळात तुम्ही गेलात तेव्हा ते भोक सुईच्या नेढ्याएवढं राहिलं होतं.

तर बाईनं विचारलं, किती दिसतं. मी म्हणालो, "मधोमध थोडं दिसतं. फुंकणीएवढं." ती म्हणाली, "मग सोमवारी घेऊन या त्यांना." मी म्हणालो, "आणतो."

उद्या सकाळी फोन करून खरं सांगणार आहे. ती जागा दुसऱ्या कुणाच्या तरी बापाला मिळू दे. तुमच्या नावानं लिहिलेला हा कागद मात्र कुठं टाकायचा, माहीत नाही. घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवीन. फक्त तुम्हाला म्हणून सांगतो आबा, तो तीळ हनुवटीच्या डाव्या अंगाला होता की उजव्या, ते मला आता आठवत नाही. तेवढं तुम्हाला विचारायचं होतं, म्हणून "आणतो" म्हणालो.