काच गॅसवर ठेवायची नसते

तळवडे
६ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सोनूचा सप्रेम जय भीम. वि. वि.

नऊ दिवस हे पत्र टाळतोय. पेन धरलं की चहा प्यावासा वाटतो, मग पिंटूच्या गाडीची चेन ढिली दिसते, असंच. फोनवर तू 'कसा आहेस' म्हटलंस की मी 'मजेत' म्हणून मोकळा होतो, म्हणून लिहितोय. मी घरी नाही. पिंटूच्या खोलीवर आहे.

आई गेल्यावर तू मला पप्पांजवळ राहायला सांगितलंस, त्यांचा साखरेचा चहा सुटावा म्हणून तो कॉफी गाळायचा काचेचा फ्रेंच प्रेस पाठवलास. कूर्गच्या मळ्यात शिकलो होतो तशी कॉफी करून द्यायचो. जाडसर पूड, उकळून मिनिटभर थांबवलेलं पाणी, चार मिनिटं धीर, मग गाळणीचा दांडा हळूहळू खाली. पप्पा म्हणाले, मलाही दाखव रे. मी म्हणालो, उद्या. आणि सकाळीच पिंटूबरोबर निघालो. दोन दिवसांचे दांडेलीत बारा झाले. तिथलं जंगल, ताई... ते राहू दे.

परत आलो तर जिन्याखालीच शेजारच्या कस्तुराकाकूंनी गाठलं. पप्पांनी चहासारखं सगळं त्या काचेच्या भांड्यात घालून थेट गॅसवर ठेवलं होतं. काच तडकली, उजवा हात भाजला. मी वर गेलो. दार उघडंच होतं. पप्पा पाठमोरे, डाव्या हातात चमचा धरून वरणभात खात होते. मी तसाच उतरलो. काच गॅसवर ठेवायची नसते, एवढं एक वाक्य माझ्याकडून बोलायचं राहिलं होतं.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.
तुझा सोनू


नाशिक
११ नोव्हेंबर

चि. सोनू यास,
अ. आ.

आधी तुला चार शिव्या दिल्या, त्या तुझ्या भाओजींनी ऐकल्या. आता लिहिते. दर रविवारी पप्पा फोनवर सांगतात, सोनू फक्कड कॉफी करतो, आत्ताच पूड आणायला खाली गेलाय. हाताबद्दल अवाक्षर नाही. आणि मी खूश. पार्सल पाठवलं की आपलं काम झालं असं मलाही वाटलंच होतं.

मला आठवा महिना, प्रवास बंद. नाहीतर कान धरून नेलं असतं. मी पप्पांना काही सांगणार नाही, सांगायचं ते तू सांग. तो माणूस तुझ्यासाठी खोटं बोलतोय, सोनू. अजून किती रविवार बोलायला लावणार आहेस?

रागावलेली, तरी तुझीच,
भाग्यश्रीताई


तळवडे
१६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून दोनदा निघालो. दुसऱ्यांदा तर बसमधून घराच्या स्टॉपवर, संत तुकाराम नगरला, उतरलोच नाही, कासारवाडीला जाऊन मालगाडीचे डबे मोजत बसलो. अठ्ठेचाळीस.

नवं काचेचं भांडं आणलंय. कॉफीची रीत पप्पांसाठी मोठ्या अक्षरात लिहिलीय, सगळ्यात वर गॅसचं. खाली 'माफ करा' लिहिलं आणि खोडलं. ते तोंडानेच म्हणायला पाहिजे. पण हात कसा आहे विचारलं तर ते 'बराय' म्हणतील आणि विषय मिटवतील. त्यापेक्षा त्यांनी मला दोन ठेवून दिल्या तर बरं. आता सकाळी नक्की जा—

ताई, पप्पा आलेत. पिंटूच्या आईकडून पत्ता काढला म्हणे. दोन बस बदलून, बांधलेल्या हाताने. मला काहीच विचारलं नाही, जेवलास का एवढंच. दारात वाकून एका हाताने बुटाची नाडी सोडताहेत, सुटत नाहीये.

जातो.
सोनू