नाकाचं पाणी

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार, पण नाक जमिनीला न टेकवता. हे पत्र आईसमोर मोठ्याने वाचू नकोस.

परवा शीतगृहाचं जाडजूड दार तोंडावर आदळलं. नाक सुजून एका बाजूला कललं, डोळ्यांखाली काळंनिळं झालं. मोडलंय हे आरशातच दिसलं, पण सूज उतरली की दाखवू म्हणून कामावर गेलो. नाकातून पाणी गळत होतं, पण त्याचं काय एवढं? त्या गारठ्यात सगळ्यांचंच गळतं.

आज जेवताना कंपनीच्या नर्सबाईंनी मला पाहिलं. म्हणाल्या, "बाकीच्यांची नाकं बाहेर आल्यावर कोरडी होतात. तुमची एकच नाकपुडी अजून का गळतेय? डोकं दुखतंय?"

दुखत होतं.

"मग ही सर्दी नव्हे. मार लागल्यावर असं गळतं, ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठा!"

तिथल्याच बाकावरून लिहितोय. नाक शिंकरायलाही बंदी आहे. आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, मला सर्दी झालीय.

तुझा,
धाकटा

ता. क. शाई पसरलीय ती रडल्यामुळे नाही. गळायचं अजून थांबलेलं नाही.